आठ नंबर

“सहा.”

“सात.”

“आठ, नऊ,” मी एका दमात म्हणाले आणि बाटलीचं झाकण उघडलं.

“काकू, आठ नंबर काकांचा आहे,” ऋतुराज म्हणाला. “त्यांना पण बोलू द्या की कधीतरी.”

“तुमचे काका डोंगरावर मौन पाळतात. घरी किती बोलतात ते मला विचार.”

सगळे हसले. हेही हसले, पण बाकीचे हसताहेत हे पाहून, जरा मागाहून. मग दहा, अकरा, बारा करत चौदापर्यंत आकडे गेले आणि गणती पुरी झाली.

आम्ही घोरपड्याच्या माथ्यावर बसलो होतो. मुरबाडच्या पुढे जांभळवाडी नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या डोक्यावर हा डोंगर. शेवटचा चढ घोरपडीसारखं कातळाला चिकटून चढावा लागतो म्हणून हे नाव पडलं म्हणतात, आणि ज्याने ठेवलं त्याने तो स्वतः चढून पाहिला असणार. ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. सकाळी जांभळवाडीत उतरलो तेव्हा ऊन इतकं लख्ख की टोपी घरी विसरल्याचं दुःख झालं. अर्ध्या वाटेत वारा सुटला, माथ्याखाली पाच मिनिटं पाऊस आला आणि आता पुन्हा ऊन. सोनकीच्या पिवळ्या फुलांतून वाफ निघत होती. मुलांचे फोटो चालले होते.

गणतीची पद्धत अशी. पहाटे माजिवड्याच्या पुलाखाली मिनीबसमध्ये चढताना प्रत्येकाला एक नंबर मिळतो. ऋतुराज डोंबिवलीचा, बँकेत आहे, आता ग्रुपचा लीडर तोच. प्रत्येक थांब्यावर तो “गणती” म्हणून ओरडतो आणि जो तो आपापला नंबर बोलतो. नियम एकच, आपला नंबर आपणच बोलायचा, दुसऱ्यासाठी बोलायचा नाही. फार वर्षांपूर्वी एकाने मित्राचा नंबर परस्पर बोलून टाकला आणि तो मित्र वर पाण्याच्या टाक्याजवळ झोपून राहिलेला, तेव्हा हा नियम घातला गेला. घातला होता ह्यांनीच. आणि गेली तीन वर्षं दर महिन्याला मी तो मोडत होते.

आता खरं सांगते. मला डोंगराची काडीचीही आवड नाही. माझं माहेर चिपळूणकडचं. लहानपणी डोक्यावर हंडे घेऊन इतकं चढले-उतरले की आयुष्यभराची हौस फिटली. तरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत पहाटे साडेतीनला उठते, डबा करते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे चढवते आणि ह्यांच्याबरोबर निघते. ग्रुपमध्ये मी सांगून ठेवलंय की उतारवयात मला निसर्गाचं वेड लागलं. पोरींना ते फारच आवडतं. एकीने माझा फोटो टाकून त्याखाली ‘प्रेरणा’ असं लिहिलं होतं.

मी येते, कारण ह्यांना ऐकू येत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ह्यांनी एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली. पत्रा सरकवायचा, प्रेस खाली येणार, धाड्; पुन्हा सरकवायचा, पुन्हा धाड्. सुरुवातीला कानात कापूस घालायचे, मग तोही सुटला. घरी आल्यावर टीव्हीचा आवाज वाढत गेला तेव्हा मला वाटलं, थकतात बिचारे. मग एकदा मार्च महिन्यात चहा पिता पिता म्हणाले, “यंदा कोकिळा आली नाही का गं?” समोरच्या आंब्यावर ती सकाळपासून ओरडून माझं डोकं उठवत होती. मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले आणि म्हणाले, “नाही आली अजून.” ते माझं पहिलं खोटं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक आवाज गेलेत, जाड थोडे उरलेत, तेही जातील. मशिन लावा. पुण्याहून आमची योगिनी दोन चांगली मशिनं घेऊन आली. ह्यांनी चार दिवस लावली. म्हणाले, सगळ्या जगाने एकदम भांडी घासायला काढल्यासारखं वाटतं. पाचव्या दिवसापासून मशिनं कपाटात आणि कान आहेत तसे.

कारखान्यात हे एकशेचाळीस कामगारांतले एक होते. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे. नात्यात कोणाच्या लग्नात ह्यांना पुढे बोलावून बसवलंय असं कधी झालं नाही. पण डोंगरावर हे विठ्ठलकाका होते. बावीस वर्षं ह्यांनी ग्रुपचा ‘शेवट’ सांभाळला. शेवट म्हणजे जो सगळ्यांच्या मागे चालतो. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्याही मागे, न कंटाळता, कोणी मागे राहणार नाही हे बघत. पुढे चालणाऱ्याचं नाव होतं, पण रडकुंडीला आलेल्या माणसाला लक्षात राहतो तो मागे चालणारा. आजही कल्याणच्या बाजारात एखादी बाई ह्यांना थांबवते आणि म्हणते, काका, तुम्ही नसतात तर मी त्या दिवशी खाली आले नसते.

तीन वर्षांपूर्वी ह्यांनी शेवट हितेशकडे दिला. हितेश बाळकुमचा, अंगापिंडाने मजबूत, सगळ्यांना अरे-तुरे करणारा आणि सगळ्यांना आवडणारा. हे म्हणाले, आता गुडघे दुखतात. गुडघे माझे दुखतात, ह्यांचे नाही. ह्यांना पुढची शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती. त्या रात्री कोथिंबीर निवडता निवडता मला म्हणाले, “कोणाला सांगू नकोस. कळलं तर मला न्यायचे नाहीत.”

बाकी कशासाठीच ह्यांनी माझ्यापुढे कधी शब्द टाकला नव्हता. मी सांगत नाही म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात गुडघ्यांचे पट्टे आणले.

आमची पद्धत बसून गेली होती. मी पुढे, हे माझ्या मागे. माझा डावा हात पाठीमागे. मूठ वळली की थांबायचं, पंजा उघडला की चालायचं, दोन बोटं म्हणजे कोणीतरी काहीतरी विचारतंय, माझ्याकडे बघा. समोरच्याचं बोलणं हे ओठांवरून बरंच ओळखतात. नाही ओळखलं की मी मधेच तोंड घालते. “काका चहा?” “नको, त्यांना ॲसिडिटी होते.” “काका, दमलात का?” “छे, ते कसले दमतात.” ग्रुपमध्ये ह्यांचं नाव झालं, शांत माणूस. आणि माझं झालं, बडबडी काकू. ह्यांना डोंगर मिळत होता, त्या बदल्यात ते मला परवडत होतं.

साडेबाराला आम्ही माथा सोडला आणि वीस मिनिटांत आभाळाने रंग बदलला. घाटावरच्या बाजूने काळं काहीतरी सरकत आलं, ऊन कोणी बटण दाबल्यासारखं गेलं, आणि सुट्या मातीच्या घसाऱ्यावर असतानाच ढग आमच्यात शिरला. मग पाऊस. मग लांब कुठेतरी गडगडाट.

“विजा जवळ यायच्या आत आडवी वाट पार करायची आहे,” ऋतुराजने सांगितलं. “अंतर ठेवू नका. थांबू नका.”

आडवी वाट म्हणजे कड्याच्या पोटातून जाणारी दोन पावलं रुंदीची पट्टी. डावीकडे कातळ, उजवीकडे काहीच नाही. एरवी तिथून खालची शेतं दिसतात. आता पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटलं. सगळ्यांनी एकत्र मागवलेले निळे पोंचो अंगावर चढले होते आणि टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या. मागच्या बाजूला आम्ही चौघं होतो. मी, माझ्यामागे हे, मग संचिता नावाची नवीन मुलगी आणि शेवटी हितेश. संचिताच्या बुटाचा तळवा सुटला. वर्षभर कपाटात ठेवलेले बूट डोंगरावर हमखास दगा देतात. हितेश तिचा तळवा दोरीने बांधायला खाली बसला, आणि मी ऋतुराजने सांगितलेलं ऐकून चालत राहिले. हात पाठीमागे, पंजा उघडा.

आडवी वाट संपते त्या खिंडीत पोचल्यावर पुढून ओरड आली, “गणती.”

कोणी कोणाला दिसत नव्हतं. ढगातून नुसते आकडे येत होते. मी मागे वळून पाहिलं. चार पावलांवर निळा पोंचो उभा होता. 

“आठ, नऊ,” मी ओरडले.

चौदा झाले. आम्ही निघालो.

दोरीच्या टप्प्यापाशी पोचायला अर्धा तास लागला. तिथे वीस फूट कातळ दोरी धरून उतरायचा असतो. मी मूठ वळली. दोन बोटं केली. दोरी ओली आहे हे सांगायला मागे वळले आणि माझ्यामागच्या निळ्या पोंचोने टोपी मागे सारली. ती संचिता होती.

“काका कुठे आहेत?” मी विचारलं.

“पुढे असतील ना,” ती म्हणाली. “मी तर तुम्हाला गाठायला पळत आलेले.”

हितेशने तिच्यामागून डोकं काढलं. त्याच्यामागे कोणी नव्हतं. माझा हात अजून पाठीमागेच होता, दोन बोटं वर करून, बघायला कोणी नसताना.

ऋतुराज मागे आला. त्याने शिट्टी काढून तीनदा वाजवली, कान देऊन थांबला, पुन्हा तीनदा वाजवली. हितेशने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. त्याचा आवाज समोरच्या कड्यावरून परत आला. तेवढाच.

ऋतुराजचा चेहरा बघता बघता उतरला. तो हितेशला बाजूला घेऊन हळू बोलला, पण माझे कान तिखट आहेत. “काका शिट्टीला उत्तर देत नाहीत असं होणारच नाही. त्यांनीच शिकवलंय आपल्याला. म्हणजे आडव्या वाटेवरून खाली... आपण नळीतून खाली शिरून कड्याच्या पायथ्याला बघू. गावातून माणसं आणावी लागतील.”

नळी म्हणजे त्या कड्याच्या कडेने सरळ दरीत उतरणारा पाण्याचा ओढा. तिकडे जायला दोन तास, यायला तीन. आणि हे वर.

मला तिथे उभ्या उभ्या कळलं की मी बोलले नाही तर हे लोक सगळा दिवस ह्यांचं प्रेत शोधण्यात घालवतील. आणि बोलले तर ह्यांनी माझ्याकडे मागितलेली एकमेव गोष्ट मी चारचौघांत उघडी टाकणार. फार वेळ विचार केला असं नाही. पण केला.

“उत्तर येणार नाही,” मी म्हणाले.

“काकू, असं नका बोलू.”

“तसं नाही रे. त्यांना ऐकू येत नाही. शिट्टी तर अजिबात नाही. अगदी कानापाशी येऊन वाजवलीस तरी नाही.”

पाऊस पोंचोवर वाजत होता.

“कधीपासून?” ऋतुराजने विचारलं.

“सहा-सात वर्षं.”

“आणि खिंडीतली गणती?”

“मीच बोलले. मागे निळं दिसलं, मला वाटलं हेच आहेत. तीन वर्षं मीच बोलते.”

“तुम्ही सांगायला पाहिजे होतं, काकू.” तो चिडला होता आणि त्याचं बरोबर होतं. “मी त्यांना मध्ये ठेवलं असतं. शेवटी कशाला येऊ दिलं असतं?”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. “पण आता ऐक. ते पडलेले नाहीत. पडणारा माणूस नाही तो. चुकामूक झाली की हलायचं नाही, शेवटची वाट जिथे नक्की होती तिथे बसायचं, हे कोणी शिकवलं तुम्हाला? ते आडव्या वाटेवर कुठेतरी बसून असतील. खाली नको, वर चला.”

हे सगळं मी ठामपणे बोलले. पडणारा माणूस नाही म्हणाले, पण ओल्या कातळाला काय माहीत समोर कोण आहे.

ऋतुराजने बाकीच्यांना टप्पा उतरून खालच्या रानात थांबायला सांगितलं. ग्रुपमध्ये जुनी असलेली दर्शना त्यांच्याबरोबर राहिली. वर जायला तो आणि हितेश निघाले.

“काकू, तू इथंच थांब,” हितेश म्हणाला. “तुझ्यानं पुन्हा तो चढ नाय होणार. मी आणतो ना काकाला.”

“मी येणार.”

“अगं पण गुडघे?”

“गुडघे माझे आहेत,” मी म्हणाले आणि त्याच्या पुढे चालायला लागले.

खिंडीपर्यंतची चढण मी कशी चढले ते विचारू नका. एकदा हातापायांवर चढले, एकदा हितेशने हाताला धरून उचललं. वाटेत त्याने सवयीने एक हाक घातली, “काकाऽ” आणि मधेच गिळली. हाक मारता येत नाही म्हटल्यावर शोधायचं तरी कसं, हे त्या दोघांनाही कळत नव्हतं. आम्ही तोंड मिटून चाललो होतो, तिघंही डोळे फाडून. आणि डोळ्यांसमोर पांढरा ढग. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की हे रोज कशात चालतात. फक्त ह्यांचा ढग कानात होता.

आडवी वाट सुरू झाली. दरी आता डावीकडे होती, तिकडे बघायचं मी बंद केलं. वीज चमकली, सगळं पांढरं आणखी पांढरं झालं, आणि पाठोपाठ गडगडाट. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, कारण त्यातलं बरंचसं माझ्याने होणार नाही. एकच गोष्ट मनात घोळत होती. ह्यांचं आणि माझं शेवटचं बोलणं काय झालं होतं? माथ्यावर डबा आवरताना मी म्हणाले होते, “झाकण नीट लावा, मागच्या वेळी तेल सांडलं.” बत्तीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं वाक्य झाकणावर संपावं, हे मला सहन होईना.

अर्धी वाट गेली आणि माझ्या पोटाला काहीतरी अडलं.

मी खाली पाहिलं. वाटेवर आडवी दोरी होती. लाल नायलॉनची, कपडे वाळत घालायची. एक टोक डावीकडे काठावरच्या कारवीच्या झुडपाला बांधलेलं आणि दुसरं उजवीकडे वर, कातळाच्या दिशेने ढगात गेलेलं. वाटेने कोणीही आलं, तरी ती पोटाशी लागल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी.

मी ती दोन्ही हातांनी धरली आणि दोनदा ओढली.

काहीच झालं नाही. मग पलीकडून तीन हिसके आले.

ऋतुराज आणि हितेश दोरी धरून वर गेले, आणि मागून मी, जवळजवळ रांगत. दहा-बारा पावलांवर कातळाला एक खोबण होती, आत दोन माणसं बसतील एवढी. तिथे हे पोंचोत गुडघे घेऊन बसले होते. दोरीचं टोक डाव्या मनगटाला गुंडाळलेलं. ओठ थंडीने निळे, पण डोळे जागच्या जागी.

“किती वेळ लावलात,” हे म्हणाले.

मला रडू आलं आणि ते मी येऊ दिलं. ह्यांनी माझ्या पोंचोची टोपी सरळ केली, तेवढंच. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, “लघवीला इथे वर बाजूला आलो होतो. तुला सांगून गेलो. आलोच, असं म्हणालो.”

“मला ऐकू नाही आलं,” मी म्हणाले.

हे माझ्या ओठांकडे बघत राहिले. वाचलं ते खरं वाचलं का याची खात्री करत होते बहुतेक. मग हसू लागले. इतके हसले की खोकला आला. मीही हसले, रडता रडता. ऋतुराज आणि हितेश आमच्याकडे बघत उभे होते, दोन म्हाताऱ्यांना डोंगर लागला की काय अशा चेहऱ्याने.

“परत आलो तर कोणी नाही,” हे सांगू लागले. “हितेश पुढे निघून गेला असणार. धावून उपयोग नव्हता, पाय घसरला असता. तुम्ही हाका मारणार, त्या मला ऐकू येणार नाहीत. विजांमुळे वाटेवर बसता येईना, आणि इथे आत बसलो तर तुम्ही पुढून निघून जाल. मग म्हटलं, दोरी घालावी.” थांबले. “गणती नाही झाली का?”

“झाली.”

“आठ कोण बोललं?”

ऋतुराजने मान खाली घातली. त्याला माझ्यासाठी वाईट वाटलं असावं.

“मी,” मी म्हणाले.

ह्यांनी मनगटावरची दोरी सोडवली, हातावर नीट गुंडाळायला घेतली. “चूक माझी,” म्हणाले. “नियम मीच घातला आणि तुला मोडायला मीच लावला.” मग दोरीकडेच बघत, “ह्यांना सांगितलंस?”

“सांगितलं.”

हे दोरी गुंडाळत राहिले. ऋतुराजने खाकरून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत विचारलं, “काका! तुम्ही! ठीक आहात ना?”

“ओरडू नको रे,” हे म्हणाले. “माझ्यासमोर ये आणि साधं बोल.”

आम्ही खाली उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि दोरीच्या टप्प्यावरच ऊन आलं. एवढा गोंधळ घालून आभाळ असं स्वच्छ झालं की जसं काही त्याचा यात हातच नव्हता. माझे गुडघे टोमॅटोसारखे सुजले होते, हितेशने मला निम्मं उचलूनच आणलं, आणि मला कशाचंही काही वाटत नव्हतं. हे पुढे चालत होते. मी मागून ह्यांची पाठ बघत होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

जांभळवाडीत हौसाबाईंच्या अंगणात सगळे आमची वाट बघत बसले होते. डोंगरावर जाणाऱ्यांना त्याच जेवू घालतात. ह्यांना पाहून पोरं उठली, टाळ्या वाजवल्या, आणि मग एकदम गप्प झाली. सगळ्यांना सगळं कळलं होतं. माणसाचं असं काही कळलं की लोक फार सांभाळून वागायला लागतात, आणि तेच बघवत नाही. एकीने ह्यांच्यासमोर मोबाईल धरला, त्यावर लिहिलं होतं, ‘काका पाणी देऊ का?’ दुसऱ्याने ह्यांची सॅक काढून घेतली. ह्यांनी ती परत घेतली आणि स्वतः भिंतीला टेकवून ठेवली.

ऋतुराज ह्यांच्यासमोर येऊन बसला. “काका, नोव्हेंबरमध्ये आपण परत इकडेच येऊ,” तो साध्या आवाजात म्हणाला. “तुम्ही माझ्या मागे चालायचं. मी वळून बघत जाईन. गणतीला तुमच्याकडे बघूनच आठ म्हणायला थांबेन. चालेल?”

हे त्याच्याकडे बघत होते. “तू विसरलास तर?”

“तर हितेश आहे.”

“मी नाय विसरणार,” हितेश भाकरीचा घास घेत म्हणाला. “आज माझं अर्धं आयुष्य गेलं, काका.”

ह्यांनी मान हलवली. नेणार आहेत. इतक्या दिवसांचं छातीवर बसलेलं एक ओझं माझं मलाच कळायच्या आत उतरलं, आणि मी ताटाकडे वळले. दिवसभरात प्रथमच भूक लागली होती. नाचणीची भाकरी, चवळीची भाजी, मिरचीचा ठेचा.

हौसाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या चुलीपाशी बसून तव्यावरची भाकरी उलथत होत्या. तिथूनच त्यांनी ह्यांच्या रिकाम्या ताटाकडे बघून विचारलं, “बाबा, भाकर घालू का आनखी?”

हे भाजी निपटत होते. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. उत्तर माझ्या जिभेवर तयारच होतं. मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि तोंडात कोंबला.

अंगणात शांतता झाली. ती ह्यांना ऐकू आली नसणार, पण दिसली. ह्यांनी मान वर केली, सगळ्यांकडे पाहिलं, माझ्या भरलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग चुलीकडे.

“मावशी, मला कमी ऐकू येतं,” हे म्हणाले. “जरा समोर येऊन बोलता का?”

हौसाबाई पदराला हात पुसत उठल्या. ह्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि पुन्हा विचारलं, “भाकर. घालू का आनखी?”

ह्यांनी ताटाकडे पाहिलं, थोडा विचार केला.

“अर्धी,” म्हणाले.

मी ‘नको’ सांगणार होते. रात्रीच्या वेळी दोनच भाकऱ्या, तिसरी ह्यांना सोसत नाही, हे मी किती घरांत, किती लग्नांत, किती अंगणांत सांगत आले होते. हौसाबाईंनी गरम भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी ह्यांच्या ताटात ठेवली. ह्यांनी ती ठेच्याशी लावून, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.